नदीनं आणलेला धूर

“इझव! इझव म्हणून राहिलो ना तुझी ती भट्टी, न्हाई तर तुलाच विटांत रचून टाकतो!”

हा मी. वीटभट्टीवाल्याच्या दारात, सकाळी सातला, फेब्रुवारी सरता सरता. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बायकोची. माझा आवाज मूळचाच दांडगा. त्या दिवशी तो औंढ्याच्या देवळापर्यंत गेला असेल आणि पुजाऱ्यानं घंटा समजून आरती सुरू केली असेल. घरी बायको उंबऱ्यावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. तिला दमा. आटलेल्या आडातून पोहरा यावा तसा एकेक श्वास यायचा, खरखरत आणि अर्धा रिकामा.

आमचं गाव कयाधूच्या खोलगटात, वाडग्याच्या बुडाशी गाळ बसावा तसं बसलेलं. पावसाळ्यात हवा अशी धुतलेली, की सिद्धेश्वरच्या धरणातला मासा कूस बदलताना इथून दिसावा. वैशाखात वारा सगळं उडवून नेतो. धूर, धूळ, वाळत घातलेलं धोतरसुद्धा. पण दिवाळी झाली की वाडग्यावर झाकण पडतं. टेकड्यांवरचा गारवा रात्रभर खाली उतरून साचतो, आणि सकाळी चुलीचा धूर घराच्या उंचीला जातो, डोकं आपटतो, परत खाली बसतो. त्यात नव्वद सालानंतर नदीकाठी ही भट्टी लागली. मग तर थंडीत धूर इतका दाट, की कोंबड्यानं पहाटे दिलेली बांग आम्हाला संध्याकाळी ऐकू यायची. हे मी चारचौघांत सांगायचो, लोक हसायचे. बायको हसायची नाही. तिला हसायला हवा पुरायची नाही.

म्हणून दर हिवाळ्यात मी भट्टीवाल्याशी भांडायचो, आणि दर हिवाळ्यात खरंही माझंच असायचं. तो मान खाली घालायचा. त्या सकाळी त्यानं घातली नाही. तोंडात राखुंडी होती. सावकाश चूळ भरली.

“झालं का, भाऊ? या इकडं.”

भट्टीशी नेलं. “लावा हात.”

लावला. विटा गार. जाळ घालायच्या भोकात कुत्री व्यालेली. पाच पिल्लं तिला लुचत होती, एकानं तर डोळेही उघडले होते.

“पंधरा दिस झाले, भट्टी थंड हाये. माती सरली,” तो म्हणाला. “आता शिव्या द्यायच्याच असतील तर हिला द्या. बाळंतीण हाये, ऐकून घेईल.”

“मग हा धूर काय पुसेगावहून येऊन राहिला?”

“मला काय ठाव? तुमचा आवाज टेकडीवर पोचलाच हाये, त्याच्या मागं तुमीबी जा. वरून दिसंल.”

चढलो. रागानं चढलो, म्हणून अर्ध्या वेळात. वरती शेळ्या घेऊन निघालेला म्हातारा नंतर शपथेवर सांगायचा, की माझ्या मागं उडालेली धूळ दुपारपर्यंत बसली नव्हती.

वर निळं आभाळ, लख्ख ऊन. खाली गाव नव्हतंच. ताकासारखं पांढरं काहीतरी साचलेलं, आणि त्यातून पाण्याची टाकी तेवढी मान काढून उभी. भट्टीवर धुराचा मागमूस नाही. पण वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर, एक खांब. बाभळीएवढा उंच जायचा, कंबरेत मोडायचा आणि नदीच्या पात्रात उतरायचा. मग पाण्यासारखाच चालायचा: स्मशानाला वळसा, पुलाखालून, आणि थेट काठच्या आमच्या आळीत. पत्ता विचारून निघाल्यासारखा.

वळणावरचं ते वावर माझं.

तीन दिवसांपासून तिथं हळद शिजत होती. लोखंडी काहिलीत ओली हळद, वर गोणपाट, खाली जाळाला कापसाची पऱ्हाटी आणि हळदीचाच वाळका पाला. आमच्याकडं हळद पहाटेच शिजवायची, कारण ऊन चढलं की काहिलीपाशी माणूस टिकत नाही. आणि हळद शिजवणाऱ्या मजुरांच्या टोळीला मीच ताकीद दिली होती, “कोंबड्याच्या आधी जाळ लागला पाहिजे.” म्हणजे वाडग्यावरचं झाकण जेव्हा सगळ्यात घट्ट, नेमकं तेव्हा.

भट्टीवाला दिसू नये म्हणून लांबच्या वाटेनं उतरलो. वाटेत तीन थापा जुळवल्या. थापांत माझा हात धरणारा हिंगोली जिल्ह्यात तरी नाही. पण दाराशी आलो तेव्हा तीनपैकी एकही जिभेवर येईना.

बायको तशीच उंबऱ्यावर. ओठांची कड निळसर. मी शेजारी बसलो, तिच्या पायाजवळ तिची एक चप्पल ठेवली.

“भट्टीचा न्हाई धूर,” मी म्हणालो. “आपल्या काहिलीचा हाये. उद्यापासून वारा सुटल्यावर पेटवू. दहा-अकराला.”

तिनं एक पोहरा वर ओढला. मग अजून एक.

“मला परवाच कळलं,” ती म्हणाली. “हळदीचा वास येतो त्याला.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“शिजवायची तर व्हतीच.”