ग्लाशामावशीने न ऐकलेलं संगीत

ग्लाशामावशी मंगळवारी गेली. इमारतीच्या राखणदारणीने मला जिन्यातच सांगितलं. हातात पाव होता. तो घेऊन मी तशीच उभी राहिले.

पॅरिसच्या या कारखान्यांच्या वस्तीत आम्ही बरेचसे रशियातून आलेले. मावशी टोप्या शिवायची. तरुणपणी ती नाचायची, मागच्या रांगेत. ज्या नव्या तऱ्हेच्या बॅलेवरून पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांत हाणामारी झाली, त्या बॅलेत ती नाचली होती.

"संगीत कसं होतं हो?" मी एकदा विचारलं.

"मला काय माहीत!"

मला वाटलं, थट्टा करतेय.

"अगं, खरंच. तालमीला नुसता पियानो. त्यात ताल पकडावा तर तो पुढच्याच क्षणी बदलणार. म्हणून आम्ही आकडे मोजत नाचायचो. आणि प्रयोगाला लोक असे बोंबलले, की वाद्यं वाजतायत की नाही तेच कळेना. विंगेतून कुणीतरी आकडे ओरडत होतं, त्यावर पाय आपटले. मग थोड्याच प्रयोगांत तो नाचच बंद पडला."

मग म्हणाली, "एकदा नुसतं बसून ऐकायचंय गं. सगळ्या वाद्यांतून."

फेब्रुवारीत ते संगीत एका सभागृहात वाजणार होतं. नाच नाही, नुसता वाद्यवृंद. रविवारी दुपारी पोर्फिरी टॅक्सी घेऊन आला. हा पूर्वी झारच्या सैन्यात कर्नल होता, आता टॅक्सी चालवतो. प्रवासाला निघण्याआधीच्या रशियन रीतीप्रमाणे आम्ही तिघं क्षणभर गप्प बसलो.

"मावशी, तिथे नाचायला लागू नका हं," उठता उठता तो म्हणाला.

"तू तुझी मोटार सांभाळ, कर्नल. रस्त्यात नाचते ती तीच."

सभागृहात सुरुवातीला एकच वाद्य वाजत होतं, लांबून हाक मारल्यासारखं. मावशीने डोळे मिटले. मग आघात सुरू झाले आणि तिचे ओठ हलू लागले. आधी पुटपुट. मग स्पष्ट, रशियन आकडे. त्या नाचातल्यासारखे पाय आत वळले.

"शू!" पुढची बाई वळली.

मावशीने हातमोजा तोंडावर दाबला. तरी आकडे बाहेर येतच होते. ती उठली. मीही मागोमाग उठले.

बाहेर कोट ठेवायच्या खोलीपाशी ती बाकावर बसली. दारामागे नुसते धक्के ऐकू येत होते.

"आत चला ना, मावशी."

"नको. तेव्हा लोकांच्या ओरड्यात ऐकू आलं नाही. आज ओरडणारी मीच." ती हसली. मग म्हणाली, "तू साहित्य शिकलीस ना? तूच सांग. कसं होतं?"

मीही बाहेरच होते.

"पुढच्या वेळी मी ऐकून येईन. मग सांगेन," मी म्हणाले.

"नीट सांग. उगाच उपमा देत बसू नकोस."

पुढची वेळ म्हणजे हा रविवार; ते संगीत पुन्हा वाजणार आहे. पोर्फिरी काल विचारून गेला, टॅक्सी आणू का म्हणून. मी नको म्हटलं. चालत जाईन. निघण्याआधी एकटीच बसेन क्षणभर, तिच्या खुर्चीसमोर.