उतार माझ्या गावचा, पुस्तक मुकुंदचं

मुकुंदच्या बायकोचा, शैलावहिनींचा, फोन आला तेव्हा टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरी मी एसी दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहत होतो. "मुकुंद गेले. क्लासमध्ये शिकवता शिकवता... हार्ट अटॅक." माझ्या मनात पहिला विचार आला, जातानाही याच्यासमोर भरलेला वर्ग होता! त्याला आता दीड महिना झाला. त्या विचाराची लाज वाटते, पण तो आला होता हे खरं.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आम्ही दोघं अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी एकाच अपार्टमेंटमध्ये राहून इतिहासात पीएचडी करत होतो. विषय मुळात माझा. असईला मराठी फौजेला हरवणारा, पुढे युरोपभर गाजलेला आणि शेवटी इंग्लंडचा पंतप्रधान झालेला तो सेनापती. आम्ही त्याला नुसतं 'ड्यूक' म्हणायचो. माझं गाव असईपासून दोन कोसांवर. लढाईच्या दिवशी वाटाडे सांगत होते, केळणा नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. ड्यूकनं दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, उतार असणारच. त्याच उतारातून मी लहानपणी चपला हातात घेऊन मामाकडे जायचो. हे सगळं मी मुकुंदला भांडी घासता घासता सांगितलं. तो मुंबईचा, असई त्यानं नकाशातच पाहिलेली. महिन्याभरात त्यानं आपला विषय बदलला. "तू लढाई घे, मी अख्खा माणूस घेतो."

"घे ना यार," मी हसून म्हटलं.

माझी लढाई तळटीपांत रुतली. त्याचा माणूस मात्र चालू लागला... असईच्या रात्री प्रेतांशेजारी जमिनीवर पडलेला, म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेणारा, स्वतःच्या पक्षाला दुखवून कॅथलिकांना हक्क देणारा, आणि मतदानाचा हक्क वाढवायला हट्टानं नकार देऊन लोकांकडून घराच्या खिडक्या फोडून घेणारा. मला हे का सुचलं नाही, म्हणून मी वाचताना जळायचो.

त्याच्या खर्ड्यात उतार केळणेऐवजी जुई नदीवर दाखवलेला दिसला, तेव्हा मी गप्प राहिलो. प्रबंधाच्या डिफेन्सच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी एका प्रोफेसरांनी नेमकं तेच विचारलं, उतार नक्की याच नदीवर का? मुकुंद निर्धास्तपणे माझ्याकडे वळला. "हा माझा मित्र तिथलाच. यानं पानन् पान वाचलंय." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी 'बरोबर आहे' म्हणून मान हलवली.

पुस्तक तसंच छापलं गेलं, गाजलं. त्याला प्रोफेसरकी मिळाली. मी पीएचडी सोडून टेक्सासला तेलकंपनीच्या नोकरीत शिरलो. काही वर्षांनी त्याचा फोन आला. "अरे, नदी चुकली! परवा असईला जाऊन उतारात उभा राहिलो तेव्हा कळलं."

"मला माहीत होतं."

"तेव्हाच?"

"हो."

तो म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत उताराचं प्रकरण तूच लिही." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मोठेपणातही तोच पुढे! मी एक ओळ लिहिली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी वहिनी म्हणाल्या, "दुसरी आवृत्ती निघतेय. त्यांनी तुमच्यासाठी जागा ठेवलीय, भावजी." मग मी बसलो आणि आठवड्यात लिहून काढलं. मुकुंदला सवय होती, लिहिलेलं स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचायची. काल मीही ओट्याला टेकून वाचू लागलो. दुसऱ्याच वाक्याला थांबलो. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे उतरवायचा... सगळं त्याचं होतं.