दवाखाना लॉक झाला त्यानंतर

नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळतो. या खात्यात काय घडणार, फार तर प्रिंटरमध्ये कागद अडकणार, असं लोकांना वाटतं. पण ज्या घरात एकदा चोरी होते तिथं पुढं कित्येक वर्षं कुलपांच्याच गोष्टी निघतात, तसं आमचं झालंय. चहा आला की कोणीतरी एक किस्सा काढतो, आणि त्याला लागून दुसरा येतोच.

*

सुरुवात एका सोमवारी झाली. सकाळी ओपीडी उघडली तर प्रत्येक स्क्रीनवर एकच इंग्रजी धमकी : तुमच्या फायली आम्ही लॉक केल्यात, पैसे भरा. बाहेर पेशंटची गर्दी. उमरेडहून ऑपरेशनसाठी आलेल्या एका आजोबांचे रिपोर्ट आत अडकलेले. लॅबवाल्यांनी त्यांचं रक्त पुन्हा घेतलं, सगळं हातानं लिहिलं, आणि दुपारी ऑपरेशन नीट पार पडलं. पैसे आम्ही भरले नाहीत. जुन्या बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करता करता जीव मेटाकुटीला आला.

मग डायरेक्टर मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. रिसेप्शनवरची सुषमाताई डोळे सुजवूनच आली. मेलमधून आलेल्या ज्या खोट्या फाईलनं हे सगळं झालं, ती कुरिअरच्या बिलाची फाईल तिच्याच कॉम्प्युटरवर उघडली होती.

मॅडम म्हणाल्या, "कोनं केलं ते मले नाही ऐकायचं. कसं झालं ते सांगा. कोनाची नोकरी जात नाही."

 अकाउंट्सचे वानखेडे साहेब, आमच्यातले सगळ्यात जुने, हळूच उभे राहिले.

"मॅडम, तो मेल पहिले मलेच आला होता. माह्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून नाही राहिली, म्हणून मीच सुषमाले पाठवली. म्हटलं, तिचा कॉम्प्युटर नवा आहे."

त्या आठवड्यात सुषमाताई पहिल्यांदा हसली. आणि तेव्हापासून लोक चुका लपवायच्या ऐवजी येऊन सांगायला लागले.

*

पुढं पासवर्ड लांब आणि अवघड ठेवायचा नियम आला. आमच्या हाडांच्या डॉक्टरांना तो काही केल्या आठवेना. ते ओपीडीतूनच नर्सला ओरडून विचारायचे आणि ती बिचारी तिकडून ओरडून सांगायची.

एक दिवस नर्स रजेवर होती. डॉक्टर स्क्रीनकडे बघत बसले. समोर गुडघ्यावर पट्टी बांधलेल्या आजीबाई.

त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेले ते बाई शेवटी स्टार म्हने."

डॉक्टर स्वतः माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या टेबलावर अंगठ्याचं मशीन बसवलं.

*

मग लोक सावध आहेत का ते बघायला मी मुद्दाम एक खोटा मेल सोडला : 'दिवाळी बोनसची यादी, इथं क्लिक करा.' जवळजवळ सगळ्यांनी क्लिक केलं. मॅडमनीसुद्धा. त्यांनी तेही मीटिंगमध्ये सांगून टाकलं.

पुढच्या महिन्यात मॅडमनी सगळ्यांना सावजी जेवणाचं निमंत्रण मेलनं पाठवलं, खाली 'हॉटेलच्या नकाशासाठी इथं क्लिक करा' असं लिहून. त्या दिवशी हॉटेलात मॅडम एकट्याच. त्यांनी वानखेड्यांना फोन लावला, "काहून नाही आले गा कोनी?"

"मॅडम, त्यात लिंक होती न."

मॅडमनी तिथूनच सगळं जेवण पॅक करून हॉस्पिटलात आणलं. इतक्या आनंदानं वाढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

*

आणि हा यंदाचा. मॅडम जरीपटक्याच्या बाजारात साड्या घ्यायला गेल्या होत्या. इकडे रिसेप्शनवर फोन आला. आवाज हुबेहूब मॅडमचा, पेशंटची सगळी यादी ताबडतोब एका नंबरवर पाठव म्हणत होता. हल्ली कॉम्प्युटर कोणाचाही आवाज काढतो, हे सुषमाताईला ठाऊक होतं. अशा वेळी आधी आपल्याकडच्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हा नियमही पाठ होता. तिनं फोन ठेवला आणि मॅडमच्या मोबाईलवर लावला. मॅडमनी तर फोन केलाच नव्हता.

मॅडम साड्या तशाच सोडून धावत आल्या. सगळ्यांसमोर सुषमाताईची पाठ थोपटली. मग विचारलं, "पन फोन ठेवताना तू त्या बाईले काय म्हटलं वं?"

सुषमाताई म्हणाली, "काही नाही. म्हटलं, थांबा मॅडम, मी मॅडमले विचारून सांगतो."