रविवारची लाइन

आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लातूरला एका ट्यूशनमध्ये शिकवायला लागले. हे मिरवायला सांगत नाही. मिरवायचं म्हटलं तर तेवढा हक्क आहे मला, पण ते असो. हातात पगार आल्यावर बायका सोनं घेतात, मी कॉम्प्युटर घेतला.

सुटे भाग आणून दुकानदारानं जोडून दिलेलं ते मशीन होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डाळमिल, त्यामुळे भुसा उडून थेट आतल्या पंख्यात जाऊन बसायचा आणि मशीन तापून बंद पडायचं. सुरुवातीला मी दुकानात जायची.

"मॅडम, सरांना पाठवून द्या," दुकानदार म्हणायचा. "त्यांना नीट समजावून सांगतो."

"सरांना मीच समजावून सांगेन. तुम्ही नुसता पेचकस द्या."

मग मीच झाकण काढून रंगवायच्या ब्रशनं पंखा झाडायला शिकले.

सर म्हणजे आमचे हे. हदगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. नोकरी नांदेड जिल्ह्यात आणि बायको लातुरात, आणि जिल्हा बदलून मिळणं म्हणजे काय असतं ते मास्तरांच्या बायकांना विचारा. हे सुट्टीत यायचे, पेपर वाचायचे, छताकडे बघत पडायचे आणि निघायचे. भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं. बोलणं नव्हतं एवढंच. फोनवर तर "हं" आणि "बरं" यांच्या पुढं गाडी जायची नाही.

संध्याकाळी ट्यूशन सुटली की रस्ताभर पोरंच पोरं, पाठीवर दप्तरं, कुठल्याकुठल्या गावांहून आलेली. त्यातनं वाट काढत मी खोलीवर यायची, कुलूप उघडायची आणि आधी कॉम्प्युटर चालू करायची. त्याच्या पंख्याचा आवाज आला की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

हदगावात नेट कॅफे निघालं तेव्हा मला सुचलं. दिवाळीच्या सुट्टीत ह्यांना मेसेंजरवर बोलायला शिकवलं. पासवर्ड टाकताना दर वेळी चुकायचे, म्हणून ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ त्या चौकटीवर खूण करायलाही मीच शिकवलं. ठरलं, दर रविवारी दुपारी.

ठरवणं सोपं होतं. लातूरला लाइट असली की हदगावला लोडशेडिंग, तिकडं आली की इकडं गेली. दोन्हीकडं असली तर फोनची लाइन लागायची नाही. लागली तर खाली राहणाऱ्या घरमालकीण खाला फोन उचलायच्या, कारण जोडणी एकच होती. उचलला की लाइन तुटली.

"मॅडम," खाला जिन्यातून हाक मारायच्या, "तुमचं मांजर पुन्हा फोनमधी शिरलं बगा. लई ओरडून राहिलं."

"खाला, ते नेट आहे. थोडा वेळ उचलू नका ना."

"हाव, न्हाई उचलत. पण माझ्या लेकीचा फोन आला तर काय मांजराशी बोलंल का ती?"

तरी महिन्यातला एखादा रविवार जुळायचा. आणि मग समोर अक्षरं यायची. एकेक, लांब लांब अंतरानं, कारण हे एका बोटानं टाइप करायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी. पण काय काय लिहायचे! शाळेच्या पत्र्यावर माकडं नाचतात ते. हेडमास्तर खिचडीत मीठ कमी म्हणून कसे रुसतात ते. एकदा लिहिलं, तुला लग्नात पाहिली तेव्हा वाटलं, ही आपल्याला वर्गात उभं करणार. मी एकटीच हसत बसले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि हा माणूस मला तेव्हा नव्यानं भेटत होता.

ह्यांचं गाव औशाच्या पुढं. भूकंपात ह्यांची धाकटी बहीण गेली, शाळेत जाणारी. हे तेव्हा नांदेडला शिकायला होते म्हणून वाचले. एवढं मला लग्नाआधीच ठाऊक होतं, पण ह्यांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. घरात तिचा फोटोही नाही. एका रविवारी ह्यांनी आपणहून लिहिलं, ‘आज वर्गात एक पोरगी आमच्या धाकटीसारखीच फळा पुसत होती.’ मग, ‘एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मी गावात पोचलो तेव्हा’

आणि हदगावची लाइट गेली.

मी संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिले. पुढचं वाक्य काय असेल ते आठवडाभर वर्गात शिकवताना मनात येत होतं. मला ती गोष्ट ऐकायची होती. बातमी म्हणून नाही. माणूस इतकी वर्षं काहीतरी एकट्यानं उचलून चालला आहे आणि आपण शेजारून चालतो आहोत, हे एकदा कळल्यावर गप्प बसवत नाही.

पुढच्या रविवारी लाइन एका फटक्यात लागली. ह्यांचं नाव हिरवं झालं, म्हणजे पलीकडे हे येऊन बसले. मी लिहिलं, ‘गावात पोचल्यावर काय झालं?’

उत्तर चटकन आलं. ‘कोणतं गाव? तुम्ही मस्त बोलता. फोटो पाठवा ना.’

मी हात मागे घेतले. ह्यांचं एक अक्षर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात अख्खी ओळ आली होती. पलीकडे दुसरंच कुणीतरी होतं. आता आठवलं की हसू येतं, पण मी उठून खिडकी लावून घेतली, जसं काही ते तिथून आत बघत होतं. मग वायरच ओढली.

खुलासा जाऊबाईंच्या फोनवरून झाला. आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "तुला राग येऊ देऊ नको बाई, पण भाऊजींचं तिकडं काहीतरी चालू हाय म्हणून राहिले लोक. नेटवर बसून कुण्या बाईशी बोलतात म्हणं."

"ती बाई मीच आहे, ताई."

"तू?" त्या म्हणाल्या. "मग नवरा-बायकोला बोलायला नेट कशाला लागतं?"

मी फोन ठेवून दिला.

मी बस पकडून नांदेड गाठलं, तिथून हदगाव. कॅफेवाला बिचारा ओशाळला. लाइट आली की मशीन चालू व्हायचं, पासवर्ड त्याच्या लक्षातच, त्यामुळे ह्यांच्या नावानं मेसेंजर आपोआप उघडायचं. जो बसेल त्यानं मागचंपुढचं वाचायचं.

"ताई, गुरुजी आमाला काई बोललेच न्हाईत," तो म्हणाला. "मंडळी हायेत म्हणले असते तर पोरांना मी दटावलं असतं की."

मी सगळं पुसलं, पासवर्ड बदलला. पण हे म्हणाले, "आता नको. पोरांनी वाचलं ते सगळं." एवढंच. रात्री त्यांच्या खोलीवर मी विचारलं, "अहो, तुम्ही गावात पोचलात तेव्हा काय झालं?" हे उठले आणि माठातलं पाणी पिऊन आले. मग गच्चीवर झोपायला गेले. समोरासमोर बसून मला तो माणूस सापडेना.

पुढं बदली झाली. लोकांनी पेढे खाल्ले. हे लातूरला आले, सासूबाईंनाही गावाहून आणलं. मशीन घरात होतं, नवरा घरात होता आणि आम्ही दोघं पूर्वीसारखेच गप्प. मी एकदा म्हटलं, मशीनवर बसता का? "घरातल्या घरात कुणाशी बोलू?" म्हणाले, आणि खरंच होतं ते.

मग मी एक काम मागून घेतलं. आमच्या ट्यूशनची नांदेडला शाखा निघाली होती, तिथं जाऊन काही दिवस शिकवायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, बाईला बढती हवी.

रविवारी दुपारी नांदेडच्या एका कॅफेत, भिंतीला पाठ लागेल अशी जागा बघून मी बसले. निघताना ह्यांचा नवा पासवर्ड घरच्या मशीनपाशी लिहून ठेवला होता, तरी खात्री नव्हती. पण नाव हिरवं झालं. आणि अक्षरं आली, एकेक, लांब लांब. मी मध्ये एक शब्द लिहिला नाही.

हे गावात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. कितीतरी माणसांना एकत्रच अग्नी दिला होता. बहीण त्यातली कुठं, ते सांगणारं कुणी शुद्धीवर नव्हतं. सासूबाई पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात. त्यांनी विचारलं, तू बघितलीस का तिला? हे म्हणाले, बघितली. झोपल्यासारखी होती. तेव्हापासून आई अधूनमधून विचारते, आणि दर वेळी तिच्यासाठी नवं काहीतरी सांगावं लागतं. केस कसे होते. अंगावर कोणता फ्रॉक होता. ‘आता मलाच ती तशी दिसते,’ ह्यांनी लिहिलं. ‘खरी कशी दिसायची ते आठवत नाही.’

मी फक्त ‘वाचलं’ एवढंच लिहिलं. मग सगळं पुसून उठले.

लातूरला परत आले त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता मान वर केली. त्यांना वाचता येत नाही, माझ्या मशीनला त्या टीव्हीच समजतात.

"तोंडावर माती न्हवती नव्हं रं तिच्या?" त्या म्हणाल्या.

"न्हवती, आई."

"बगितलंस ना तू?"

ह्यांचा घास हातातच राहिला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी सासूबाईंच्या ताटात आणखी आमटी वाढली आणि म्हणाले, "मलाही सांगितलंय ह्यांनी, आत्या. अगदी स्वच्छ होतं तोंड."

सासूबाई समाधानानं जेवल्या. आम्ही दोघंही खाली मान घालून जेवलो.