कानातला कापूस

प्रेमदास तिसऱ्यांदा नापास झाला, आणि तेही झोपण्यात.

अल्लीपूरच्या शिवारात त्याचं साडेतीन एकर वावर आहे. एकतीस वर्षं झाली, हरभऱ्याला घाटे धरले की तो वावरातल्या उंच माळ्यावर रात्रीच्या जागलीला जातो. रानडुकरं आवाज न करता येतात असं लोक म्हणतात. प्रेमदासला ते पटत नाही. वाळक्या काडीवर खूर पडला की टिक् होतं, आणि तेवढ्यानं त्याचे डोळे उघडतात. शेजारच्या वावराचे बबनराव म्हणायचे, "प्रेमदास झोपला तरी त्याचे कान जागे राह्यते."

गावात त्याची दुसरी ओळख बुद्धविहारातली. पौर्णिमेला वंदना तोच सांगायचा, पुस्तक न उघडता. वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेली. पण कार्तिक पौर्णिमेला तो मध्येच अडला. मागून भागीरथाबाईंनी शब्द पुरवला. पौषात पुन्हा तिथंच अडला, पुन्हा भागीरथाबाई. या वेळी पोरी खुदकन हसल्या.

"पुस्तक घेऊन बसत जा ना," घरी आल्यावर बायको अन्नपूर्णा म्हणाली. "कोन काय म्हनते?"

"पुस्तक पाहून तं कोनीबी सांगते," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मग त्याची मुलगी मयुरी, जी नर्स आहे, तिला कळलं की वर्ध्यात झोपेवर एक अभ्यास चालू आहे आणि साठीपुढची माणसं हवी आहेत. प्रेमदास स्वतःहून गेला. तिथल्या नंदिनी मॅडमनं त्याच्या डोक्याला तारा चिकटवता चिकटवता समजावलं, "गाढ झोपेत मेंदूच्या लाटा संथ होतात, सेकंदाला एखादी. लाट चढत असताना आम्ही कानात हलका आवाज सोडतो. झोका घेणाऱ्या बंगईला नेमक्या वेळी हात लावावा तसा. लाट मोठी होते. मग आदल्या संध्याकाळी पाठ केलेलं सकाळी जास्त आठवतं का, ते बघायचं."

"म्हंजे नक्की नाई?"

"नक्की असतं तर अभ्यास कशाला केला असता, काकाजी?"

तीन रात्री मिळणार होत्या. पहिल्या रात्री जितके आवाज सोडले, तितक्यांदा तो जागा झाला. दुसऱ्या रात्री आवाज आणखी कमी केला. तरी तेच.

"इतका हळू आवाज मलाही ऐकू येत नाही," नंदिनी वैतागून म्हणाली.

"तुमच्या वावरात डुक्कर येत नाई ना."

तिसऱ्या रात्री जमलं नाही तर नाव कमी होणार होतं. प्रेमदासनं घरच्या ढिगातला कापूस घेतला, नखानं सरकी काढली, दोन बोळे वळून खिशात टाकले. मॅडम दुसऱ्या खोलीत जाताच इअरफोन काढून बोळे आत सारले आणि इअरफोन पुन्हा बसवले.

सकाळी नंदिनी पडद्याकडे बघतच राहिली. अशी गाढ झोप! पण आवाज सोडल्यावर एकही लाट मोठी झाली नव्हती. तिनं येऊन इअरफोन काढले, तर मागोमाग पांढरं सूत लोंबलं.

"काकाजी! आवाजाच्या प्रयोगाला कानात कापूस?"

"तुमाले गाढ झोप पाह्यजे होती ना? मंग लागली ना झोप!"

"आवाज ऐकत लागायला पाहिजे होती."

"ऐकलं तं जाग येते, नाई ऐकलं तं चालत नाई. मंग मानसानं करावं काय?"

ती रात्र मोजता येणार नाही, नाव कमी करावं लागेल, असं नंदिनी म्हणाली. मात्र संध्याकाळी पाठ करायला दिलेल्या शब्दांच्या वीस जोड्यांपैकी त्याला आज अकरा आठवल्या होत्या. आधी पाच-सहाच आठवायच्या. "एका रात्रीवरून काही सांगता येत नाही," ती म्हणाली, "पण तुमची झोपच तुटकी आहे. जागल सोडा."

"अन हरभरा कोन राखन? तुमच्या वायरी?"

तरी अकराचा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. माघ पौर्णिमेला चार दिवस होते. त्यानं मुलाला, रुपेशला, जागलीला धाडलं आणि आपण घरी कापूस घालून झोपला. सकाळी ताजातवाना होऊन वावरात गेला, तर धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या सहा ओळी उकरलेल्या. रुपेश माळ्यावर छातीवर मोबाइल ठेवून घोरत होता.

"काऊन रे, आवाज आला नाई?"

"काहीच नाई आला, बाबा."

प्रेमदासनं कपाळावर हात मारला. दिवस मावळताना तो स्वतःच माळ्यावर चढला. खिशातले बोळे काढून खाली भिरकावले आणि मोठ्यानं वंदना म्हणायला लागला. नेमका तिथंच अडला. मागून शब्द द्यायला इथं भागीरथाबाई नव्हत्या. त्यानं दात-ओठ खाल्ले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला त्या अडण्याच्या जागेजवळ आला, शब्द जिभेवर येतच होता, तोच धुऱ्यापलीकडे टिक् झालं.

तो थांबला. कान टवकारून अंधुक उजेडात बघत राहिला. काही नव्हतं.

आणि आपण कुठवर आलो होतो, तेच त्याला आठवेना.