वेल्हे की भोंगवली

त्या थंडीत सुट्टीला कुठं जायचं, यावरून घरात चार दिवस अबोला होता. आईला वेल्ह्याला भावाकडे जायचं होतं, वडिलांना भोंगवलीला बहिणीकडे. मला कुणी विचारलंच नाही. वेल्ह्याच्या डोंगरावरचं गवत वाळलं की पळसाच्या फांदीवर बसून आम्ही पार पायथ्यापर्यंत घसरायचो. भोंगवलीच्या टेकडीवर ढकललं तरी माणूस घसरत नव्हता!

शेवटी वडील म्हणाले, "देवाला कौल लावू."

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वेल्हे, डावी पडली तर भोंगवली. आम्ही श्वास रोखून बसलो. ऊन पायरीवरून खाली उतरलं, तरी एकही कळी हलेना. आई पदर चावत होती.

"देव कुठंच जाऊ नका म्हनतोय," असं म्हणत अखेर गुरव उठला.

दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर देवळात गेलो, तर देवाच्या दोन्ही खांद्यांना मुंग्या लागलेल्या. डाव्या खांद्याला गूळ मी फासला होता. वडिलांनी उजव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डाव्याकडेच टक लावून बघत होते. मग त्यांनी सावकाश मान माझ्याकडे वळवली.