दाराने न ओळखलेल्या काकू

हात न लावता उघडणारी दारं बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम. सिंगापूरमध्ये पाया लेबारला आमचं छोटं ऑफिस आहे आणि तांजोंग पगारच्या उंच इमारतींमधली कितीतरी दारं मी उभी राहून बसवून घेतली आहेत. दारासमोर थांबायचं, भिंतीवरची पाटी तुमचा चेहरा बघते, हिरवा दिवा लागतो, दार उघडतं. किल्ली नाही, कार्ड नाही, बोटसुद्धा टेकवायचं नाही. कोणाला आत घ्यायचं याची यादी एका माणसाच्या हातात असते, त्याला अ‍ॅडमिन म्हणतात. सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटची अ‍ॅडमिन मी.

घरी हे सगळं बसवलं ते हौसेनं. नवरा मरीन इंजिनिअर, चार-चार महिने जहाजावर. मुलगी सात वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. दारावर कॅमेरा असला की ऑफिसात बसून मला घर दिसेल, एवढा साधा विचार. पण आयुष्य गेलं ऑफिसांची दारं बसवण्यात, त्यामुळे चेहरा बघणारी पाटीही मी ऑफिसच्याच उंचीवर लावली. भिंतीतली भोकं बुजवून, रंग देऊन झाल्यावर लक्षात आलं की मुलगी चवड्यांवर उभी राहिली तरी पाटीला फक्त तिचा भांग दिसतोय. नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर हे बघितलं आणि पोट धरधरून हसला. "घरची मालकीण सोडून सगळ्यांना घेईल तुझं दार," म्हणाला. पाटी खाली सरकवते सरकवते म्हणत ते राहूनच गेलं.

म्हणजे शाळेतून आल्यावर तिला दार उघडून देणारं कोणीतरी हवं होतं, आणि देवानं ते समोरच आणून ठेवलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू रत्नागिरीकडच्या. काका इथल्या शिपयार्डमधून रिटायर झालेले, दोन्ही मुलगे ऑस्ट्रेलियात. काकू आपणहून म्हणाल्या, "अगो, मी आहे ना. बसमधून उतरवून घेते, जेवू घालते, तू ये सावकाश." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे हिरवी रेशमी साडी नेसून, गजरा माळून आल्या होत्या. त्याच दिवशी मी त्यांना पाटीसमोर उभं केलं आणि त्यांचा चेहरा यादीत घालून टाकला. घरात यायचा हक्क वाणासारखाच दिला म्हणा ना.

त्या दिवसापासून रोज दुपारी पावणेदोनला माझा फोन थरथरायचा. दारापाशी हालचाल झाली की कॅमेरा छोटी क्लिप पाठवतो. मी हातातलं काम टाकून ती बघायची. आधी बरं वाटायचं. पोरगी सुखरूप आली, काकू बरोबर आहेत, आणखी काय पाहिजे? मग हळूहळू मी भलत्याच गोष्टी बघायला लागले. काकू गाऊनच्या ओढणीनं तिच्या मानेवरचा घाम टिपतात. ती सगळा भार टाकून काकूंना रेलून उभी राहते. काकू बोट ओलं करून तिच्या कपाळावरची बट मागे सारतात आणि ती मान हलवत नाही. तेच मी केलं की, "आई, yucky lah!"

मत्सर वाटत होता मला. उगाच दुसरं गोंडस नाव कशाला द्या. साठीच्या एका बाईचा, जिचा माझ्यावर उपकारच होता, तिचा मला मत्सर वाटत होता, आणि तो एसीत बसून, कॉफी पिता पिता, तीन-तीनदा क्लिप मागे घेऊन मी पोसत होते. मी केलेलं कुळथाचं पिठलं बाजूला सारून ती म्हणायची, काकूंचं पिठलं smooth असतं. भांग काकू सरळ पाडतात. गोष्टीतल्या राक्षसाचा आवाज काकू खरा काढतात. संध्याकाळी मी विचारायची, आज शाळेत काय झालं? उत्तर ठरलेलं, "Nothing." त्याच दुपारच्या क्लिपमध्ये तिचं तोंड दारापाशीच टकळीसारखं सुरू असायचं.

दाताच्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. क्लिपमध्ये ती प्लास्टिकची इवलीशी डबी काकूंच्या नाकापुढे नाचवत होती आणि आ करून दाखवत होती. पहिला दात पडला होता. माझ्या लेकीचा पहिला दात, आणि मी तो तीन इंचांच्या पडद्यावर बघत होते, क्लायंट समोर बसलेला असताना. ठरवलं, संध्याकाळी आपण दोघी मिळून काहीतरी करू. लहानपणी आम्ही दात कौलावर फेकायचो आणि उंदराकडे नवा मागायचो. आमच्या उंच ब्लॉकच्या इमारतीत कौल कुठलं? पण काहीतरी सुचेल, असं म्हणत मी येताना केकही घेतला.

घरी आले. दाताचं तिनं नावही काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, "दात कुठाय तुझा?"

"Settled already," ती म्हणाली. "काकू आणि मी खाली गेलो. त्या walkway चं छप्पर आहे ना, बस स्टॉपचं, त्याच्यावर काकूंनी फेकला. एकदम high! मग उंदराला सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं खांदे उडवले. "तू कॅमेऱ्यात बघतेस ना सगळं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जेवता जेवता मी अ‍ॅप उघडलं आणि यादीतून काकूंचं नाव काढून टाकलं. अ‍ॅपनं विचारलं, नक्की? चेहरा कायमचा पुसला जाईल, परत आणता येणार नाही. नक्की, म्हटलं. मग उरलेला भात संपवला. पुढे काय करायचं, मुलीला कुठे ठेवायचं, काहीही ठरवलेलं नव्हतं. फक्त पावणेदोनला हिरवा दिवा लागायला नको होता. मुलगी उन्हात, रस्त्यावर राहील अशी भीती मला एक क्षणही वाटली नाही, कारण काकू तिला सोडून जाणार नाहीत याची खात्री होती. त्यांच्या चांगुलपणाच्या भरवशावरच मी त्यांना दाराबाहेर काढलं, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

पावणेदोनला लाल दिवा लागला. काकूंचा फोन आला.

"अगो, तुझं दार मला ओळखत नाही."

"सर्व्हरचं काहीतरी चाललंय काकू. बघते मी."

"फोनवरून उघडता येतं म्हणालेलीस ना?"

"तेही बंद आहे हो," मी म्हणाले. तेव्हा अ‍ॅप माझ्या हातातच होतं, नुसतं बोट लावायचं होतं.

"असू दे मग. हिला मी माझ्याकडे नेते."

समोरचं दार उघडलं, दोघी आत गेल्या आणि कॅमेऱ्यात उरलं आमचं बंद दार. काकूंच्या घरात माझा कॅमेरा नाही, हे माझ्या शहाण्या डोक्यात आधी आलंच नव्हतं! पूर्वी निदान दारातलं दिसत तरी होतं. आता दुपारी पावणेदोन ते संध्याकाळी सात, माझी मुलगी माझ्या नजरेआड. तिथं तर तिची चंगळ सुरू झाली. काका पत्ते शिकवत होते, गॅलरीत मोगरा होता, फ्रीजमध्ये आमसुलाचं सरबत होतं. सात वाजता आणायला गेले की, "पाच मिनिटं आई, please!"

आणि तरी क्लिप येतच राहिल्या. काकू रोज आधी आमच्या दारापाशी थांबायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून बघितला. तिसऱ्या दिवशी टिकली मोठी लावून आल्या. मुलगी खालून सूचना करत होती, "काकू, smile! मग recognise करेल." काकू हसल्या. लाल दिवा. एकदा त्यांनी केस चापून बसवले, एकदा पाटी ओढणीनं पुसली. पुसताना त्यांचं तोंड कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आलं की मी फोन उलटा ठेवला.

मधेच एक दिवस एसी सर्व्हिसिंगवाला आला. त्याला मी ऑफिसातून दार उघडून दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या डोक्यात तो हिशेब वेगळा होता.

आणि मग त्या हिरवी रेशमी साडी नेसून आल्या. भर दुपारी, त्या उकाड्यात, गजरा माळून, हळदीकुंकवाच्या दिवशी होत्या तशा नटून त्या पाटीसमोर ताठ उभ्या राहिल्या. बराच वेळ. लाल दिवा लागून विझला, पुन्हा लागून विझला. मुलगी त्यांचा हात ओढत होती. मी मीटिंगमधून उठून टॉयलेटमध्ये जाऊन रडले, आणि तरीही त्या दिवशी काही केलं नाही. पुढच्या दिवशीही नाही. करायचं म्हटलं तर पुसलेला चेहरा परत येत नाही, त्यांना समोर उभं करून नव्यानं घ्यावा लागतो, म्हणजे काहीतरी बोलावं लागतं. मला बोलायचं नव्हतं.

नंतरच्या सोमवारी पावणेदोनला क्लिप आली. काकू आणि मुलगी कॉरिडॉरमधून आल्या आणि आमच्या दाराकडे न बघता सरळ समोर निघून गेल्या. मुलीनंही मान वळवली नाही. स्वतःच्या घरासमोरून ती अशी गेली, जसं काही तिथं कोणी राहतच नाही.

मी हाफ डे टाकला. बिशान स्टेशनला मेट्रो बदलली. काय सांगायचं ते तेवढ्यात तयार केलं. अपडेटमध्ये सगळ्यांचेच चेहरे उडाले, परत घेऊ. कोणालाही पटेल.

काकूंच्या दाराची जाळी उघडीच होती. मुलगी जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. तिनं वर बघितलं. "आई? Why so early? Sick ah?"

मी अपडेटचं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि माझ्यामागून बाहेर आल्या. मी फोन धरून म्हणत गेले, समोर बघा, आता डावीकडे, आता उजवीकडे. त्या सांगेन तसं करत होत्या. मग त्यांनी मान उचलली आणि पाटीच्या वर, कॅमेऱ्यात बघितलं.

"आज तू इथं आहेस," त्या म्हणाल्या. "मग तिथून कोण बघतंय?"

मी नजर फोनवरच ठेवली.

"पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, बिघडलंय. मग एसीवाल्याला दार उघडलं. त्याचा चेहरा काय तुझ्या यादीत होता? तेव्हा कळलं, बिघडलेलं नाही, बंद केलेलं आहे."

"मग तरी तुम्ही रोज…"

"ती साडी मी दाराला दाखवायला नेसले होते का गो? तू बघतेस हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हिला किती दिवस बघवतंय बघू." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "शुक्रवारी ठरवलं, पुरे आता. माझा एवढा राग कसला आला तुला?"

"राग नाही काकू," मी म्हणाले. "हेवा वाटतो तुमचा. ती तुम्हाला सगळं सांगते. दात तुम्हाला दाखवला. मला काहीच सांगत नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग चक्क हसल्या, पण त्यात गंमत नव्हती.

"आणि सात वाजता मला काय वाटत असेल? सहा वाजल्यापासून ती घड्याळ बघते. पाच मिनिटं, पाच मिनिटं, हे तू आल्यानंतरचं नाटक. त्याआधी लिफ्ट वाजली की हातातला घास टाकून धावते. मी तिथंच बसलेली असते, तो घास हातात घेऊन. मलाही हेवा वाटतो. माझ्याकडे यादी नाही एवढंच, काढून टाकायला."

हिरवा दिवा लागला. अ‍ॅपनं चेहरा घेतला होता. दार उघडलं, काकू आत न जाता परत फिरल्या, गॅसवर आमटी होती म्हणून.

मी आमच्या सोफ्यावर बसून जुन्या क्लिप काढल्या. संध्याकाळी सातच्या. त्या मी कधीच उघडल्या नव्हत्या. त्यात मीच असायची, त्यात काय बघायचं? दाताच्या आदल्या आठवड्यातली एक लावली. तेव्हा मुलगी दुपारभर आमच्याच घरी असायची. दार उघडतं, मी बूट काढतेय. आतून मुलगी अनवाणी धावत येते आणि माझ्या कमरेला मिठी मारते. काहीतरी सांगतेय, मान वर करून, हात हलवून. तिच्यामागे काकू उभ्या आहेत. मी एका हातानं तिला धरलंय आणि दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये बघतेय. मुलगी थोडा वेळ बोलते, मग थांबते.

त्या वेळी फोनमध्ये मी काय बघत होते, ते मला सांगायला क्लिप नको होती. त्याच दिवशी दुपारी पावणेदोनला दारापाशी ती काकूंना काय सांगत होती, ते मी बघत होते.